रात्रीतून खाली बसणारी गाडी : एअर सस्पेन्शनची गळती नेमकी कोठे आहे, हे कसे ठरवावे? (इंदूर)

मालवानिवासी | १० जानेवारी, रात्री ९.२०

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर गाडी पेलणारी यंत्रणा) असलेली एक मोठी जर्मन गाडी आहे. तीन वर्षांपूर्वी मी ती पहिल्या मालकाकडून घेतली आणि आजवर ती १,१८,००० किलोमीटर चालली आहे. दिवाळीनंतर एका सकाळी पुढची डावी बाजू खाली बसलेली दिसली. इंजिन सुरू केल्यावर हवा भरणारा कंप्रेसर चालू झाला, दीड मिनिटात गाडी उठली आणि दिवसभर काहीच जाणवले नाही. तेव्हा असे आठवड्यातून एकदा होत असे, आता ते रोजचे झाले आहे. गेल्या सोमवारी तर डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा इशाराही आला.

शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. हवेचा दाब वाढण्यास ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, अशा अर्थाचा कोड त्यावर आला. तेवढ्यावरून कंप्रेसर आणि पुढचे दोन्ही स्ट्रट (एअर स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचा एकत्र भाग) बदलावे लागतील असे सांगून त्यांनी जो आकडा कागदावर लिहून दिला, तो आमच्या घराच्या चार महिन्यांच्या खर्चाएवढा आहे. खर्च अटळ असेल तर मी तो करीन, पण गळती कोठे आहे हे न पाहता तीन महागडे भाग बदलणे मनाला पटत नाही. गाडी स्नेहलतागंजातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात उभी असते. घरी माझ्याजवळ जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), साधे पाने आणि एक स्वस्त स्कॅनर आहे. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्रविद्या | १० जानेवारी, रात्री १०.०५

तो कोड कंप्रेसर खराब आहे असे सांगत नाही. हवेच्या टाकीत किंवा एअर स्प्रिंगमध्ये अपेक्षित वेळात दाब वाढला नाही, एवढेच तो सांगतो. दाब न वाढण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर कंप्रेसर कमी हवा देत असेल, नाही तर दिलेली हवा दुसरीकडून निघून जात असेल. आपली गाडी दीड मिनिटात पूर्ण उठते, तेव्हा कंप्रेसर अजून काम करतो आहे हे उघड आहे. एक कोपरा रोज बसतो याचा दोष कंप्रेसरकडे जाऊच शकत नाही, कारण कंप्रेसर आणि त्या कोपऱ्यातली स्प्रिंग यांच्यामध्ये व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा, असतो आणि गाडी उभी असताना त्यातले सर्व व्हॉल्व्ह बंद असतात.

थोडक्यात रचना अशी असते. कंप्रेसर हवा दाबतो, ती ड्रायरमधून कोरडी होऊन व्हॉल्व्ह ब्लॉककडे येते आणि तेथून प्रत्येक कोपऱ्याकडे एक बारीक नायलॉनची नळी जाते. हवा त्या त्या रबरी बेलोमध्ये, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘बलून’ म्हणतात त्यात, भरली जाते. हीच एअर स्प्रिंग. गाडीची उंची हाइट सेन्सर मोजतात. म्हणजे एका कोपऱ्यापुरत्या गळतीच्या जागा चारच उरतात : बलून, त्याच्या डोक्यावरचा जोड, नळी आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधला त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह. या चारांपैकी दोषी कोण ते आधी ठरवायचे आणि मगच पैसे खर्च करायचे.

पहिले काम मोजमापाचे आहे. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त असली किंवा फरशी उंच-सखल असली, तर जमिनीपासूनचे माप फसवते. रात्री गाडी बंद केल्यावर एक माप आणि सकाळी दार उघडण्यापूर्वी दुसरे माप घ्या. ‘दार उघडण्यापूर्वी’ असे मुद्दाम लिहितो आहे, कारण अनेक गाड्यांमध्ये दार उघडताच सस्पेन्शनचा कंट्रोलर, म्हणजे ही यंत्रणा चालवणारा छोटा संगणक, जागा होतो आणि उंची सुधारू लागतो.

जुना_फिटर | १० जानेवारी, रात्री १०.४०

मी इंदूरमध्ये लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर सव्वीस वर्षे काम केले. मोजमाप सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे मला फार गरजेचे वाटते. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही डोके किंवा हात घालू नका. बलून फुटला, जोड सुटला किंवा कंट्रोलरने आपणहून हवा सोडली, तर गाडी क्षणात खाली येते आणि बाजूला सरकायला वेळ मिळत नाही. केवळ जॅकवर भरवसा ठेवू नका. चेसिसच्या मजबूत जागी घोड्या लावा, चाके अडवा, कंट्रोलरचा फ्यूज काढा आणि मगच खाली जा. कंपनीच्या पुस्तकात जॅक लावण्याची वेगळी स्थिती सांगितलेली असेल, तर ती आधी चालू करा.

दुसरे असे की स्प्रिंगमध्ये साधारण ६ ते १० बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तिप्पट-चौपट. हवा सोडल्याशिवाय कोणताही नट पूर्ण उघडू नका. नळी चाबकासारखी उडते आणि डोळ्याला लागते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

मालवानिवासी | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री १० वाजता आणि आज सकाळी ६ वाजता मापे घेतली.

रात्री : पुढे डावे ४५२, पुढे उजवे ४५४, मागे डावे ४६१, मागे उजवे ४६०.
सकाळी : पुढे डावे ४०५, पुढे उजवे ४१२, मागे डावे ४५५, मागे उजवे ४५३.

हे पाहून मी थोडा निराश झालो, कारण उजवी बाजूही ४२ मिलिमीटर बसली आहे. डोळ्यांना फक्त डावी बाजू जाणवत होती. म्हणजे वर्कशॉपवाले दोन्ही स्ट्रट बदला म्हणत होते, ते खरेच होते का?

यंत्रविद्या | १२ जानेवारी, सकाळी ८.३०

इतक्यात निष्कर्ष काढू नका. काही गाड्यांचा कंट्रोलर गाडी बंद असतानाही ठरावीक वेळाने जागा होतो, चारही सेन्सर वाचतो आणि गाडी तिरकी दिसली तर उंच बाजूची हवा सोडून ती खालच्या बाजूच्या पातळीला आणतो. उभ्या गाडीत इंजिन बंद असल्याने कंप्रेसर चालवून बॅटरी संपवणे त्याला परवडत नाही, म्हणून तो चढवण्याऐवजी उतरवतो. आपल्या बाबतीत डाव्या गळक्या बाजूने निरोगी उजव्या बाजूला आपल्यासोबत खाली ओढले असण्याची शक्यता मोठी आहे. अनेकांचे निदान नेमके येथेच चुकते आणि एका बलूनऐवजी दोन विकत घेतले जातात.

आज रात्री गाडी योग्य उंचीला आणा, इंजिन बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि मग सस्पेन्शन कंट्रोलरचा फ्यूज काढून ठेवा. त्यानंतर मापे घ्या.

मालवानिवासी | १३ जानेवारी, सकाळी ६.५०

आपण म्हणालात तसेच झाले. फ्यूज काढल्यावरची सकाळची मापे : पुढे डावे ३९१, पुढे उजवे ४४७, मागे ४५४ आणि ४५३. सुरुवातीची मापे कालच्याच इतकी होती. म्हणजे आठ तासांत डावी बाजू ६१ मिलिमीटर उतरली आणि बाकीचे तिन्ही कोपरे फक्त सात-सात मिलिमीटर.

एक शंका आहे. हे सात मिलिमीटर तरी का जावेत? तिकडेही थोडी थोडी गळती असेल का?

यंत्रविद्या | १३ जानेवारी, सकाळी ९.००

ती गळती नाही, थंडी आहे. आपण गाडी चालवून आणली तेव्हा स्प्रिंगमधली हवा समजा ४० अंशांवर होती आणि पहाटे इंदूरचे तापमान १० अंशांपर्यंत उतरले. केल्विनमध्ये ही घट ३१३ वरून २८३, म्हणजे जवळजवळ साडेनऊ टक्क्यांची आहे. बंद टायरमध्ये अशा वेळी दाब कमी होतो. एअर स्प्रिंगचे मात्र तसे नसते. तिच्यावर गाडीचे तेवढेच वजन बसलेले असते, म्हणून दाब जवळपास तोच राहतो, हवेचे आकारमान आकसते आणि गाडी किंचित खाली येते. थंडीत पाच ते पंधरा मिलिमीटरची, चारही कोपऱ्यांत सारखी असलेली घट ही तक्रार समजू नये. महत्त्व आहे ते एका कोपऱ्याच्या इतरांपासून असलेल्या फरकाला. आपला फरक ५४ मिलिमीटर आहे आणि तो केवळ डाव्या पुढच्या कोपऱ्यात आहे. उजव्या स्ट्रटची खरेदी तूर्त बाजूला ठेवा.

आता साबणाचे पाणी. भांडी धुण्याचा द्रव पाण्यात मिसळा, फवारणीच्या बाटलीत भरा आणि बॉनेट उघडून डाव्या स्ट्रटच्या डोक्यावर नळीचा पितळी जोड असेल तेथे भरपूर फवारा. घाई करू नका. रात्रभरात इतकी उतरणारी गळती लहान असते. तिचा बुडबुडा एकदम येत नाही, मोहरीएवढा दाणा तीन-चार मिनिटांत हळूहळू मोठा होतो. आवाजाच्या मागे तर लागूच नका, कारण कानाला ऐकू येणारी गळती गाडीला तासाभरात बसवते.

विश्वामित्रीकाठ | १३ जानेवारी, दुपारी १.१०

मी बडोद्याहून लिहितो आहे. माझ्या गाडीत दोन वर्षांपूर्वी हाच प्रकार मागच्या उजव्या बाजूला होता आणि साबणाच्या पाण्याला कोठेही फेस येत नव्हता. शेवटी दोष व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये निघाला. व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरी बारीक पूड अडकल्याने तो पूर्ण बंद होत नव्हता आणि हवा आतल्या आत निघून कंप्रेसरच्या बाहेर सोडण्याच्या तोंडातून जात होती. ही गळती बाहेरून फवारणी करून कधीच सापडत नाही.

ती ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे अदलाबदल. गाडी घोड्यांवर घ्या, हवा सोडा, व्हॉल्व्ह ब्लॉकवर पुढच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या नळीला खुणेची पट्टी लावा आणि दोघींच्या जागा आपसांत बदला. मग स्कॅनरने पुढच्या दोन्ही बाजू एकदमच भरा, योग्य उंची आली की फ्यूज काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी उजवी बाजू बसलेली दिसली, तर दोष ब्लॉकमध्ये आहे, कारण तो व्हॉल्व्ह आता उजवीकडे जोडलेला आहे. डावीच बसली, तर ब्लॉक निर्दोष ठरला आणि शोध नळी, जोड व बलून एवढ्यापुरता उरला. या स्थितीत गाडी मुळीच चालवू नका. कंट्रोलरला डावे-उजवे उलटे दिसेल आणि एक बाजू उंच करण्याच्या प्रयत्नात तो दुसरीच उंच करत राहील.

लष्करवासी | १३ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

वरच्या प्रतिसादातली पांढरी पूड म्हणजे ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे झिजून झालेला भुगा. ग्वाल्हेरला आमच्याकडे याच दिवसांत दाट धुके असते आणि पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, त्यामुळे या विषयाने मला बराच त्रास दिला आहे. गळतीमुळे कंप्रेसर जितका अधिक चालतो, तितकी अधिक ओलसर हवा ड्रायरमधून जाते. एरवी हवा सोडताना कोरडी हवा उलट मार्गाने ड्रायरमधून बाहेर पडते आणि जाताना दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. गळक्या गाडीत मात्र हवा परतीच्या वाटेने येतच नाही, ती छिद्रातून निघून जाते. ड्रायर ओला होतो, मग ओलावा व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोहोचतो आणि गंज धरतो. एका लहानशा छिद्राकडे दोन हिवाळे दुर्लक्ष केल्याने माझा ड्रायर, ब्लॉक आणि शेवटी कंप्रेसर गेला. म्हणून धागाकर्त्यांना सांगणे एवढेच की निदान शांतपणे करा, पण दुरुस्ती लांबवू नका.

देवासनाका | १३ जानेवारी, रात्री ८.००

मी या विषयातला जाणकार नाही, पण ओळखीच्या दोघांनी हवेचे सगळे सामान काढून साध्या लोखंडी स्प्रिंगचे किट बसवून घेतले आणि त्यांची कटकट कायमची संपली. खर्चही निम्म्याहून कमी आला. धागाकर्त्यांनी हा मार्ग का विचारात घेऊ नये?

यंत्रविद्या | १३ जानेवारी, रात्री ९.४५

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक गाडीसाठी एकच असणार नाही. एअर स्प्रिंगचा मुख्य गुण असा की वजन वाढले की तिच्यात दाब वाढवला जातो आणि दाबाबरोबर तिचा कडकपणाही वाढतो. त्यामुळे एकटा चालक असो किंवा सात माणसे आणि सामान असो, गाडीची उंची आणि डोलण्याची लय जवळपास सारखीच राहते. लोखंडी स्प्रिंग एका ठरावीक भारासाठी बनवलेली असते. रिकाम्या गाडीत ती कडक वाटते आणि भरलेल्या गाडीत मागून दबते. शिवाय अनेक गाड्यांत शॉक अॅब्सॉर्बरही विजेवर नियंत्रित होतो. तो काढला की कंट्रोलर सतत तक्रार करतो आणि ती दाबण्यासाठी आणखी एक यंत्र जोडावे लागते. गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल आणि तिचे भाग मिळतच नसतील, तर मी स्वतः स्प्रिंगचे किट सुचवीन. पण येथे एकाच कोपऱ्यात दोष आहे आणि बाकी तीन कोपरे थंडीने आकसण्यापलीकडे हलत नाहीत. अशी निरोगी यंत्रणा उपटून टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

मालवानिवासी | १६ जानेवारी, रात्री ९.१०

तीन दिवस उत्तर देऊ शकलो नाही. संक्रांतीला घरी पाहुणे होते. आज सविस्तर लिहितो.

आमचे कुटुंब वर्षातून तीन-चार वेळा पूर्ण गाडी भरून भेरूघाटाने ओंकारेश्वरला जाते, त्यामुळे स्प्रिंगच्या किटचा विचार मी सोडून दिला आहे.

काल अदलाबदलीची चाचणी केली. हवा सोडणे आणि भरणे माझ्या स्वस्त स्कॅनरला जमत नव्हते, म्हणून एका परिचिताचा चांगला स्कॅनर एका दिवसासाठी आणला. आज सकाळी पुन्हा डावीच बाजू बसली, ५९ मिलिमीटर. म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉक निर्दोष आहे. नळ्या पुन्हा आपापल्या जागी लावल्या.

मग साबणाचे पाणी घेतले. स्ट्रटच्या डोक्यावरच्या पितळी जोडापाशी चौथ्या मिनिटाला एक दाणा दिसला आणि तो हळूहळू वाटाण्याएवढा झाला. मला इतका आनंद झाला की आतून घरच्यांना बोलावून दाखवला. तो नट आणखी आवळून पाहावा का?

जुना_फिटर | १६ जानेवारी, रात्री ९.५०

आवळू नका. पितळी जोडाच्या आत एक बारीक कडी असते आणि ती नळीवर एकदाच चावून बसते. जुनी कडी पुन्हा आवळली की नळीला खोलवर चीर पडते किंवा स्ट्रटच्या अॅल्युमिनिअमच्या डोक्यातले आटे जातात, आणि मग स्ट्रट टाकूनच द्यावा लागतो. हवा सोडा, जोड काढा आणि नळीचे टोक सेंटिमीटरभर कापून नवी कडी व नवा नट लावा. कापण्यासाठी नळी कापायचे पातेच वापरा. पक्कडीने कापले तर टोक चपटे आणि तिरके होते व तेथूनच पुन्हा गळते. नळीला तेवढी मोकळी लांबी नसेल तर ओढाताण करू नका, पूर्ण तुकडा बदला.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत न्यूमॅटिकचे जोड आणि नळ्या मिळतील. पण कारखान्यांत वापरतात ती मऊ, निळी पॉलियुरेथेनची नळी घेऊ नका. इंजिनाच्या उष्णतेजवळ ती नरम पडते. गाडीच्या नळीइतक्याच बाहेरील व्यासाची, बहुधा ४ किंवा ६ मिलिमीटरची, ताठ नायलॉनचीच नळी हवी. जुना तुकडा सोबत घेऊन जा आणि दुकानदाराला मोजायला लावा.

मालवानिवासी | १९ जानेवारी, सकाळी ७.३०

सियागंजात दोन दुकाने फिरल्यावर योग्य मापाची नळी मिळाली. कडी आणि नट मात्र गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातून मागवावे लागले. काल जोड नवा केला, फवारणी केली, दहा मिनिटे पाहिले, तेथे एकही बुडबुडा आला नाही.

तरीही आज सकाळी डावी बाजू ३४ मिलिमीटर उतरलेली आहे. पूर्वी ६१ होती, म्हणजे फरक पडला, पण पूर्ण नाही. बाकीचे कोपरे आज आठ-आठ मिलिमीटर. माझ्या कामात काही चूक राहिली असेल का?

यंत्रविद्या | १९ जानेवारी, सकाळी १०.१५

आपली चूक दिसत नाही. त्या कोपऱ्यात दोन गळत्या होत्या आणि त्यातली एक आपण बंद केली. आकडे लिहून ठेवले नसते, तर ‘जोड बदलूनही गाडी बसतेच आहे’ एवढेच कळले असते आणि केलेले काम वाया गेले असे वाटले असते. आकडे सांगतात की गळतीचा निम्मा वाटा गेला.

आता बलून पाहायला हवा. पुढच्या स्ट्रटमध्ये बलूनभोवती बहुधा अॅल्युमिनिअमची नळकांडी असते आणि खाली घडीदार रबरी बूट असतो, त्यामुळे वरून कितीही फवारले तरी पाणी बलूनपर्यंत जात नाही. बुटाचा खालचा पट्टा सोडून बूट वर सरकवा, टॉर्च घ्या आणि बलून जेथे स्वतःवर दुमडून खाली वळतो ती घडी पाहा. रबर तेथेच दर खड्ड्यागणिक वळते, म्हणून चिरा प्रथम तेथेच पडतात. ही तपासणी एकाच उंचीवर करून थांबू नका. उंची बदलली की घडीची जागा बदलते आणि एका उंचीवर मिटलेली चीर दुसऱ्या उंचीवर उघडते. गाडी सर्वांत खालच्या, नेहमीच्या आणि सर्वांत वरच्या अशा तिन्ही स्थितींत फवारणी करा. प्रत्येक वेळी स्थिती बदलून झाल्यावर फ्यूज काढा आणि घोड्या पुन्हा लावा.

मालवानिवासी | २१ जानेवारी, रात्री ८.४०

चीर सापडली. बूट सरकवताच आतून मूठभर वाळलेली काळी माती पडली. गेल्या पावसाळ्यात शेतावर दोनदा गेलो होतो, तीच माती असावी. ओल्या कापडाने घडी पुसली, फवारणी केली. वरच्या आणि खालच्या स्थितीत काही दिसले नाही. नेहमीच्या उंचीला मात्र घडीच्या मागच्या बाजूला, इंजिनाकडे तोंड असलेल्या जागी, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागातून साबणाचा अगदी बारीक फेस येत राहिला. त्या पट्ट्यात घडीला समांतर अशा केसासारख्या तीन-चार चिरा आहेत. त्यावर पंक्चरसारखा चिकटपट्टीचा काही उपाय असतो का?

जुना_फिटर | २१ जानेवारी, रात्री ९.३०

नाही, आणि कोणी करून देतो म्हटले तरी करू नका. टायरचा पंक्चर झालेला भाग वळत नाही, बलूनची घडी सतत वळते, म्हणून तेथे कोणताही डिंक किंवा ठिगळ टिकत नाही. चिरा केवळ वरच्या थरात असतील तर हवा येत नाही. आपल्याकडे हवा येते आहे, म्हणजे आतल्या नायलॉनच्या धाग्यांच्या थरापर्यंत चीर गेलेली आहे.

मातीबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्या माळव्यात याकडे कोणी लक्ष देत नाही. काळी माती ओली असते तेव्हा घडीत घट्ट बसते आणि सुकली की तिच्या कडक कण्या होतात. गाडी चालताना त्या कण्या रबराला घासत राहतात. पावसाळा संपला की बूट उघडून साध्या पाण्याने घडी धुवावी. आणि गाडी धुणाऱ्याला खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारू देऊ नये. लोखंडाला गंज लागू नये म्हणून ही फवारणी करण्याची जुनी पद्धत आहे, पण तेल लागले की रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर चिरते. बसच्या बलूनचे यामुळे झालेले नुकसान मी अनेकदा हाताळले आहे.

मालवानिवासी | २ फेब्रुवारी, रात्री ९.००

मधल्या काळात फक्त डावा स्ट्रट मागवला. नवा, पण गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेला. बलूनची हमी दोन वर्षांची आहे. तो नऊ दिवसांनी आला. लिफ्टची गरज असल्याने काम एका लहान गॅरेजमध्ये करून घेतले आणि जुना_फिटर काका स्वतः येऊन उभे राहिले. त्यांचे ऋण मी विसरणार नाही.

त्यांनी दोन गोष्टींवर फार भर दिला. पहिली अशी की गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असतानाच स्कॅनरने नव्या बलूनमध्ये हवा भरायची आणि मग गाडी खाली आणायची. रिकाम्या बलूनवर गाडीचे वजन टाकले, तर रबर वेडेवाकडे दुमडते आणि नवा बलून पहिल्याच दिवशी खराब होतो. दुसरी अशी की चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट लिफ्टवर पूर्ण आवळायचे नाहीत, गाडी नेहमीच्या उंचीला आल्यावर आवळायचे, नाही तर बुश सतत पिळलेला राहतो. त्यानंतर उंचीचे कॅलिब्रेशन आणि चाकांचे अलाइनमेंट करून घेतले.

जुना स्ट्रट पाण्याच्या टबात बुडवून काकांनी त्यात जेमतेम २ बार हवा भरली. फवारणीला जेथे फेस येत होता, नेमक्या त्याच जागेतून बुडबुड्यांची रांग निघाली. डोळ्यांनी पाहून खात्री पटण्याचे समाधान वेगळेच असते.

कंप्रेसरही तपासला. क्लॅम्प मीटरवर त्याचा करंट पुस्तकातल्या मर्यादेत आहे आणि टाकी ठरलेल्या वेळात भरते. तो बदलला नाही. फक्त ड्रायरचे दाणे नवे भरले, कारण जुने ओलसर आणि पिवळट झाले होते.

लष्करवासी | २ फेब्रुवारी, रात्री ९.४०

ड्रायरचे काम केलेत हे फार बरे झाले. त्यासोबत कंप्रेसरचा रिलेही, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदला. गळतीच्या काळात तो रोज कितीतरी वेळा चालू-बंद झालेला असतो. त्याचे संपर्क जळून एकमेकांना चिकटले, तर इंजिन बंद केल्यावरही कंप्रेसर चालत राहतो आणि स्वतःला जाळून घेतो. माझा कंप्रेसर अखेर याच कारणाने गेला. रिले काही शे रुपयांत येतो.

मालवानिवासी | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

रिले आजच आणतो. कालच्या रात्रीची मापे, फ्यूज काढून, पुन्हा १० ते ६ :

पुढे डावे ४५३ वरून ४४७, पुढे उजवे ४५४ वरून ४४७, मागे डावे ४६१ वरून ४५५, मागे उजवे ४६० वरून ४५४.

विश्वामित्रीकाठ | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

अभिनंदन. चारही कोपऱ्यांत सहा-सात मिलिमीटर म्हणजे केवळ थंडी.

जुना_फिटर | ३ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

उजवा बलून डाव्याइतकाच जुना आहे आणि त्यानेही तीच माती खाल्ली आहे. तो आज गळत नाही म्हणून बदलू नये हे ठीकच आहे, पण त्याचा बूट एकदा उघडून पाहा.

मालवानिवासी | ९ फेब्रुवारी, रात्री ८.१५

काल ओंकारेश्वरला जाऊन आलो. सात जण, मागे सामान, भेरूघाट दोन्ही वेळा. गाडी कोठेही तिरकी झाली नाही आणि इशारा आला नाही. आज उजवा बूट उघडला. आत माती होतीच. ती धुऊन काढली. घडीवर दोन अगदी पुसट रेषा दिसतात, पण तिन्ही उंचींवर दहा-दहा मिनिटे फवारूनही एकही बुडबुडा आला नाही. त्या रेषांचे जवळून छायाचित्र काढून तारीख घालून ठेवले आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री-सकाळची मापे याच धाग्यावर लिहीत जाईन.